सुई, फीत आणि पेन्सिल सेल : वाचकांचे प्रश्न

जुन्या तबकड्या, कॅसेट, वॉकमन आणि त्यानंतरची खिशातली यंत्रं यांच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. दुरुस्तीची पत्रं सर्वांत जास्त होती, म्हणून जागाही त्यांनाच जास्त दिली आहे.

माळ्यावर जुन्या काळ्या तबकड्यांचा गठ्ठा सापडला. वर बुरशी आली आहे. स्पिरिटने पुसल्या तर चालेल का? आणि घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर वाजवता येतील का? (मिरज)

स्पिरिटची बाटली आधी लांब ठेवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात : चपडी लाख, दगडाची बारीक भुकटी आणि रंगासाठी काजळी. सुतार कपाटाला पॉलिश मारताना चपडी स्पिरिटमध्येच विरघळवतो. तुम्ही तबकडीवर नेमकं तेच कराल. बोळा फिरला तिथली चकाकी जाते, चरे बुजतात आणि ते पुन्हा आणता येत नाहीत.

तबकडी लाखेची आहे की व्हिनाइलची हे ओळखायला सोपं आहे. कडेला नखाने टिचकी मारा. लाखेची तबकडी कपबशीसारखी 'टक्' वाजते, व्हिनाइलचा आवाज बद्द येतो. व्हिनाइलची एलपी (लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी) १९४८ मध्ये अमेरिकेत आली. व्हिनाइलच्या तबकडीवर ३३⅓ किंवा ४५ असा वेग छापलेला असतो. वाकवून बघू नका, लाखेची तबकडी वाकत नाही, मोडते.

साफ करायला अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या (गाडीच्या बॅटरीत घालतात ते चालेल) आणि त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब टाका. मऊ ब्रश चऱ्यांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा ओढू नका. मधलं कागदी लेबल कोरडं राहू द्या. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने एक हात, लगेच सुती फडक्याने टिपणं आणि भांड्यांच्या जाळीत उभी ठेवून सावलीत वाळवणं. भिजत ठेवलीत तर आतली भुकटी पाणी धरते, आणि उन्हात ठेवलीत तर तबकडीची पुरी होते.

प्लेअरला ७८ चा वेग असला तरी सुई तपासा. एलपीची सुई टोकाशी साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते, ७८ च्या चऱ्याला सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई चऱ्याच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. याच्या उलटही करू नका. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (सुई धरणारा गोल डबा) शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकतो, एलपीला दोन-तीन ग्रॅम पुरतात. चावीच्या यंत्रावर एलपी एकदा वाजवली की संपली. त्या यंत्राची पोलादी सुईसुद्धा दर बाजूला बदलायची असते. लाखेतली भुकटी पहिल्या काही फेऱ्यांत सुईला घासून चऱ्याच्या मापाची करते. बाजू संपेपर्यंत टोक इतकं झिजतं की तीच सुई पुढच्या तबकडीच्या भिंती खरवडते.

फार जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत का सांगतात? (पुणे)

कारखान्यासाठी. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मेणाच्या जाड चकतीवर घेतलं. त्या चकत्या बोटीने जर्मनीत हॅनोवरला जात आणि तिथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कामगाराला ठुमरी कोणती नि खयाल कोणता, हे कळणं शक्य नव्हतं. 'माय नेम इज गौहर जान' हे शब्द मात्र लेबलाशी ताडून पाहता येत. पुढे १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला.

गाणं तीन मिनिटांत का उरकलेलं असतं, याचा हिशेब तबकडीवरच करता येतो. १० इंची तबकडीवर चऱ्यांचा पट्टा साधारण ७ सेंमी रुंद असतो. सेंटिमीटरला ३६ चरे धरले तर २५२ फेरे झाले, ते भागिले ७८ म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या आत. १२ इंचीत अडीच सेंमी वाढतात, म्हणजे आणखी मिनिटभर. एवढ्यात आलाप, बंदिश, ताना आणि शेवटी नाव! १९२५ पर्यंत मायक्रोफोनही नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्यामुळे तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही. ती चूक ना तबकडीची, ना तुमच्या यंत्राची.

नाट्यपदाची तबकडी लावली की गायकाचा षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लागतो. तबकडी खराब आहे का? (नाशिक)

बहुतेक वेग चुकतो आहे. स्वराच्या एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के फरक. काळी एकमध्ये गायलेलं गाणं ७८ ऐवजी साडेत्र्याहत्तरने फिरलं तर पांढरी एकमध्ये ऐकू येईल. ७६ ने फिरलं तर जवळजवळ अर्ध्या पट्टीने उतरेल, म्हणजे तुम्ही म्हणता तसं अधांतरी.

तपासायला स्ट्रोबची चकती, म्हणजे लुकलुकत्या उजेडात वेग दाखवणारी पट्ट्यांची चकती लागते. जाड कागदावर केंद्राभोवती सारख्या अंतराने ७७ काळ्या पट्ट्या काढा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, मिनिटाला ६,०००. भागिले ७७ केले की ७७.९२ येतात. चकती फिरताना पट्ट्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर. पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलपीसाठी १८० पट्ट्या काढा. अमेरिकी चकतीवर ७८ साठी ९२ पट्ट्या असतात, ती ६० हर्ट्झची आहे, इथे उपयोगाची नाही. चोकची जुनी ट्यूबलाइट असेल तर तिच्या उजेडात बघा. बरेच एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, मग नुसता करडा पट्टा दिसतो.

वेग जमला आणि तरी स्वर अधांतरी असला तर मुद्रणच वेगळ्या वेगाने झालेलं असू शकतं. १९२५ च्या आधी सत्तरपासून पंच्याऐंशीपर्यंत कुठलाही वेग सापडतो, काही लेबलांवर ८० छापलेलंही असतं. अशा वेळी यंत्र सोडून कानावर विश्वास ठेवावा. साथीची पेटी ऐकू येत असेल तर तीच तुमची मोजपट्टी. (वेगाचा विषय निघालाच आहे म्हणून : गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेली. सोन्याचा मुलामा दिलेली ती तांब्याची तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची आहे. कमी वेगामुळे तेवढ्याच जागेत जास्त मजकूर बसतो.)

वॉकमन हे खिशात न्यायचं पहिलं संगीतयंत्र का? (डोंबिवली)

नाही. उचलून न्यायचा चावीचा ग्रामोफोन पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत पोचला होता, आणि खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. कॅसेट फिलिप्सची. लू ओटेन्स यांच्या गटाने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. सोनीचाच 'प्रेसमन' नावाचा बातमीदारांचा छोटा टेपरेकॉर्डरही आधीपासून होता.

सोनीने त्या यंत्रात काही घातलं त्यापेक्षा काढलं जास्त. रेकॉर्डिंग काढलं, स्पीकर काढला. त्या जागी स्टिरिओ आणि सुमारे ५० ग्रॅमचे हेडफोन दिले. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, विक्रीला आला : किंमत ३३,००० येन, दोन पेन्सिल सेल, वजन ३९० ग्रॅम. त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं बारीक होऊन शेजारच्या माणसाचं बोलणं मायक्रोफोनमधून ऐकू यायचं. एकट्याने कानात घालून ऐकणं लोकांना उद्धटपणा वाटेल, ही धास्ती त्यामागे होती. पुढच्या मॉडेलांत हे सगळं गेलं, कारण कुणालाच उद्धट वाटलं नाही.

आंद्रेआस पावेल या गृहस्थांनी कमरेला बांधायच्या अशाच यंत्राचं पेटंट १९७७ मध्ये इटलीत मागितलं होतं. सोनीशी त्यांचा वाद बरीच वर्षं चालला आणि शेवटी न्यायालयाबाहेर मिटला.

१९९० च्या सुमाराचा वॉकमन आहे. सेल घातले की मोटर गुणगुणते, पण कॅसेट फिरत नाही. एकदा फिरली तर टेपच आत गुंडाळून घेतली. दुरुस्त होईल का? (कोल्हापूर)

लक्षणं रबरी बेल्टची आहेत. दुरुस्ती घरी होण्यासारखी आहे.

आधी आतला मार्ग समजून घ्या. मोटरच्या कप्पीवरून बेल्ट एका जड चाकावर जातो. त्या चाकाचा आस म्हणजेच कॅसेटमध्ये घुसणारी चकचकीत पोलादी काडी, कॅपस्टन. रबरी रोलर टेपला कॅपस्टनवर दाबतो आणि टेप सेकंदाला ४.७६ सेंमी पुढे सरकते. पुढे आलेली टेप उजव्या चकरीने ओढून गुंडाळायची असते. बेल्ट सैल झाला की कॅपस्टन कसाबसा फिरतो, पण चकरीपर्यंत जोर पोचत नाही. टेप पुढे येत राहते, तिला जायला जागा नसते, मग ती रोलरभोवतीच गुंडाळते. 'टेप खाल्ली' म्हणतात ते हेच.

सेल काढा, पाठीचे स्क्रू काढा आणि ते ज्या जागचे त्या जागी कागदावर चिकटवून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. बेल्टचं बऱ्याचदा काळं डांबर झालेलं असतं. त्याला बोट लावू नका, डाग आठवडाभर जात नाही. दातकोरणीने खरवडा आणि उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा. थिनर किंवा पेट्रोल नको, प्लॅस्टिक विरघळतं. कप्पीच्या खाचेत डांबराचा कण जरी राहिला तरी दर फेऱ्याला बेल्ट तिथे उडी मारतो आणि सतारीची मींड थरथरते.

नव्या बेल्टचं माप जुन्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. सगळ्या कप्प्यांवरून दोरा फिरवा, त्याची लांबी मोजा आणि त्याहून ५ ते ८ टक्के कमी घेराचा बेल्ट मागा. छेद सहसा चौकोनी, १ ते १.२ मिमी. 'घट्ट असलेला बरा' असं दुकानदार सांगतो. ऐकू नका. घट्ट बेल्टने मोटरवर ताण येतो, सेल लवकर उतरतात आणि आवाज डुलतो.

बेल्ट बसला की कॅपस्टन आणि हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला कोमट साबणपाणी बरं, अल्कोहोलने रबर कडक होत जातं. रोलर आरशासारखा चकाकत असेल तर तो टेप पकडणार नाही, बदला. सेलच्या पत्र्यावर पांढरी पूड असेल आणि गळलेला सेल अल्कलाइन असेल तर थेंबभर व्हिनेगर लावा, मग अल्कोहोलने पुसून कोरडं करा.

शेवटी वेग. मोटरच्या पाठीत बहुधा बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो. तो फिरवण्याआधी मोजा : जे गाणं सीडीवरही आहे ते कॅसेटवर लावा. पाच मिनिटांच्या गाण्याला पाच मिनिटं नऊ सेकंद लागले तर यंत्र ३ टक्के मंद आहे. स्क्रू केसभर फिरवा, पुन्हा मोजा. पहिली चाचणी नेहमी टाकाऊ कॅसेटवर करा.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या १९८६ मध्ये टू-इन-वनवर टेप केल्या होत्या. पाच सी-९० (दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांच्या) कॅसेट आहेत, काहींवर पांढरी बुरशी आहे. स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड केलं तर चालेल ना? (म्हापसा)

नको. फोन बोलण्याच्या आवाजासाठी बनलेला असतो. सतत येणारा एकसुरी आवाज तो गोंगाट समजून दाबतो. तुमच्या कॅसेटमध्ये असा आवाज म्हणजे जात्याची घरघर. ओवी राहील, जातं जाईल.

बुरशीची कॅसेट आहे तशी लावू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. मग नाकावर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका. खोकं पाच स्क्रूंचं असेल तर उघडून चकऱ्या जशाच्या तशा नव्या खोक्यात घाला. हेडसमोरची स्पंजची गादी गळून पडली असेल तरी हाच उपाय. गादी नसली की टेप हेडला टेकत नाही, आवाज येतो-जातो. चिकटवलेलं खोकं असेल तर सांध्यातून पातळ पातं फिरवून उकला.

कॅसेट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेले थर सुटतील. डॉल्बी (टेपची सळसळ दाबणारी सोय) बंद, टेपचा प्रकार 'नॉर्मल'. आता हेडच्या शेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू. त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. टू-इन-वनचं हेड ज्या कोनात होतं तोच कोन तुमच्या यंत्राचा असेलच असं नाही, आणि नसला की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. स्क्रूची मूळ जागा खुणेने नोंदवा. कॅसेट वाजत असताना तो दोन्हीकडे जास्तीत जास्त पाव फेरा फिरवून बघा आणि ओवीतले 'स', 'श' सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. हे दर कॅसेटला करायचं. बुरशीपेक्षाही जास्त नुकसान या एका स्क्रूकडे दुर्लक्ष केल्याने होतं, असं आमचं मत आहे.

हेडफोनच्या भोकातून तार थेट यूएसबी साउंड कार्डच्या लाइन-इनमध्ये घाला. लॅपटॉपचं गुलाबी भोक माइकचं असतं, तिथे आवाज फाटतो. मोफत मिळणारं ऑडॅसिटी पुरेल : २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वॅव्ह. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. मिनिटाला सुमारे १७ एमबी, म्हणजे एक सी-९० दीड जीबी. मूळ फाइलला हात लावू नका, सफाई प्रतीवर करा. एक प्रत घराबाहेर ठेवा.

वॉकमन आणि लॅपटॉप दोन्ही सेलवर चालवा. तुमच्या घरची विजेची घरघर मग फाइलमध्ये शिरत नाही, आणि १९८६ ची शिरलेली असेल तर ती वेगळी दिसते. टू-इन-वन विजेवर चालत होता असं धरलं तर आलेखात ५० हर्ट्झजवळ टोक दिसेल. ते ४६ वर असेल तर यंत्र मंद आहे. मात्र टक्का-दोन टक्क्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. त्या काळी संध्याकाळच्या भाराने विजेची वारंवारताच ४९ च्या खाली घसरत असे.

गाणं सुरू व्हायच्या आधी त्याचेच पहिले शब्द पुसट ऐकू येतात. कॅसेट सी-१२० आहे. (सोलापूर)

गुंडाळ्यात एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं. सी-६० ची टेप १८ मायक्रॉन जाड असते, सी-९० ची १२, सी-१२० ची जेमतेम ९. थर जितका पातळ तितका ठसा जास्त. वाजवण्याआधी दोन-तीन वेळा पुढे-मागे गुंडाळली की थोडा उतरतो. सी-१२० ताणली जाते आणि रोलरभोवतीही लवकर अडकते. एकदा उतरवून घ्या आणि ठेवून द्या.

सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ हा विचित्र आकडा कुठून आला? (ठाणे)

व्हिडिओ टेपमधून. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून सेकंदाला ४० हजारांहून अधिक नमुने हवेत, एवढं गणित ठरलेलं होतं. पण इतकी माहिती साठवायला त्या वेळी व्हिडिओ रेकॉर्डरच सोयीचा होता. चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने बसत. युरोपच्या पद्धतीत दर क्षेत्रात (म्हणजे अर्ध्या चित्रात) २९४ ओळी आणि सेकंदाला ५० क्षेत्रं, अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी आणि ६० क्षेत्रं. गुणाकार दोन्हीकडे ४४,१०० येतो. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, खिशातला नाही पण हातातला प्लेअर, सोनीचा डी-५०, १९८४ मध्ये.

एमपीथ्रीत फाइल दहापट लहान कशी होते? आणि त्यात तबला मऊ का वाटतो? (इंदूर)

मोठ्या आवाजाच्या आड त्याच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. एमपीथ्री तो बारीक आवाज ढोबळपणे साठवतं किंवा सोडून देतं. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात, नेहमीच्या एमपीथ्रीत १२८, म्हणजे अकरावा हिस्सा. हिशेब ध्वनीच्या छोट्या तुकड्यांवर होतो आणि चूक तुकडाभर पसरते. तंबोऱ्याला ते खपतं. तबल्यात आधी शांतता आणि मग एकदम चाटेवर बोट, असं झालं की ती चूक ठोक्याच्या आधीच फुस्स करून ऐकू येते आणि धार बोथट होते. शास्त्रीय संगीत २५६ च्या खाली ठेवू नये, जागा असेल तर काहीही न गाळता साठवणारं फ्लॅक वापरावं.

जागेचंच म्हणाल तर १९९८ च्या एमपीमॅन या कोरियन एमपीथ्री प्लेअरमध्ये ३२ एमबी होते : १२८ ने भरलं तर ३३ मिनिटं, कॅसेटच्या एका बाजूएवढी. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क होती, ५ जीबीची. हजार गाण्यांचा दावा १६० किलोबिट आणि चार मिनिटांच्या गाण्याचा होता. विलंबित खयाल भरलेत तर शंभरेकच मावतील.

जुन्या आयपॉडची पाठ फुगली आहे. आतली गाणी काढता येतील का? (न्यू जर्सी)

पाठ फुगली म्हणजे लिथियमच्या बॅटरीत वायू भरला आहे. पुन्हा चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, टोकदार काहीही लावू नका. बॅटरी काढायचं काम दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि ती ई-कचऱ्यात द्या. नवी बॅटरी बसली की आयपॉड संगणकाला डिस्क म्हणून जोडा आणि लपलेले फोल्डर दिसू द्या. 'आयपॉड कंट्रोल'च्या आत 'म्युझिक'मध्ये एफ००, एफ०१ असे कप्पे दिसतील. फाइलींची नावं चार अक्षरांची आणि निरर्थक असतात. घाबरू नका, गाण्याचं आणि गायकाचं नाव फाइलीच्या आत असतं. सगळं कॉपी करून कुठल्याही संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढलंत की यादी लागते.